'बघू' म्हणणाऱ्या डॉक्टरांचे स्टूल

मी एक जुने फिरते स्टूल आहे. मित्रांनो, खुर्ची आणि मी यांत गल्लत करू नका. खुर्चीला पाठ असते, हात असतात आणि तिच्यासाठी माणसे भांडतात. स्टुलासाठी कोणी भांडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मला लोखंडाचे पाय आहेत, लाकडाची गोल बैठक आहे आणि मधोमध आटे पाडलेला एक जाड दांडा आहे. बैठक एका बाजूला फिरवली की मी वर येते, दुसऱ्या बाजूला फिरवली की खाली जाते. माझी विद्या एवढीच. मधली काही वर्षे तीही मी विसरले होते. का, तेच आज सांगायचे आहे. थोडे दमाने ऐका, कारण आता मी दमलेले आहे आणि माझे डॉक्टरही.

एका लेथवाल्याने मला घडवले. दांड्यावर आटे पाडताना तो शिट्टी वाजवत होता, त्यामुळे माझे आटे जरा बेसूर झाले असावेत, असे मला अजून वाटते. मला विकत घ्यायला आले ते एक तरुण डॉक्टर. दवाखाना नवा, शर्ट नवा, मिशीसुद्धा नवीच.

"साधी खुर्ची घ्या की," लेथवाला म्हणाला. "पेशंट आरामात बसेल."

"माणसं सगळी एका उंचीची थोडीच असतात?" डॉक्टर म्हणाले.

"मग आट्यांत तेल घालत राहा. नाहीतर हे कुरकुर करेल, आणि पुढे कुरकुरही करायचं नाही. ते जास्त वाईट."

दवाखाना होता दगडाच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे बाकडे, आत टेबल, टेबलाशेजारी मी आणि भिंतीला एक छोटी खिडकी. त्या खिडकीतून डॉक्टरांच्या पत्नी औषधाच्या पुड्या देत. सगळे गाव त्यांना वहिनी म्हणत असे. पुडी देताना त्या एखादा शेलका शब्दही बांधून देत, आणि तो म्हणे औषधाआधी लागू पडायचा.

डॉक्टरांची एक रीत होती. पेशंट बसला की ते आधी मला फिरवत. लहान मूल असेल तर मी वर, धिप्पाड गडी असेल तर मी खाली. पेशंटचे डोळे आणि डॉक्टरांचे डोळे एका रेषेत आले की ते थांबत आणि विचारत, "काय होतंय?" सगळे ऐकून घेत. मग एकच शब्द म्हणत, "बघू."

'बघू' म्हटले की समोरच्याची जीभ बाहेर. जीभ काढा, असे डॉक्टरांना कधी सांगावे लागले नाही. जिभेनंतर डोळे, डोळ्यांनंतर पोट, मग पाठीला नळी आणि "घ्या श्वास." सगळे गाव या शब्दाला इतके सरावले होते की बाजारात एखाद्या गिऱ्हाइकाने "बघू ती भेंडी" म्हटले तरी शेजारी उभे असलेले पोर जीभ काढून मोकळे व्हायचे.

मी त्या काळात खूप शिकले. शाळेत नाही, बुडाखाली. माणूस कसा बसतो यावरून मी त्याचा जमाखर्च मांडते. जो सगळा भार टाकून बसतो, त्याचे दुखणे खरे. जो काठावर टेकतो, त्याला सुट्टीचा दाखला हवा असतो. जो बसल्या बसल्या गिरकी घेतो, त्याला काहीही झालेले नसते. आणि जो बसण्याआधी मला रुमालाने पुसतो, तो खाणीचा मालक असतो.

माझा सगळ्यात आवडता पेशंट म्हणजे सुरुंगमामा. ते खाणीत सुरुंग लावायचे, म्हणून हे नाव. धमाके ऐकून ऐकून कान गेलेले, त्यामुळे स्वतः मात्र धमाक्यासारखे बोलायचे. समोरच्याच्या ओठांकडे बघून निम्मे ओळखायचे आणि उरलेले निम्मे मनाने भरायचे. एकदा त्यांचे पोट बिघडले. डॉक्टर म्हणाले, "मामा, उद्या सकाळी स्टूल घेऊन लॅबमध्ये जा. तपासून घेऊ."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या वेळेला मामा दारात हजर. आत आले, वहिनींना नमस्कार केला आणि मला खांद्यावर टाकून निघाले. भर बाजारातून! लॅबवाल्याने मला बघितले, मामांना बघितले आणि तो टेबलाखाली काही शोधायच्या निमित्ताने वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

"काय निघालं?" मामा ओरडून विचारत होते. "मोडलंय का कुठं?"

त्या दिवशी वहिनींची हसून हसून उचकी थांबेना. डॉक्टरही हसले, पण मग म्हणाले, "चूक मामांची नाही, माझी आहे. साधं शी म्हणायला माझी जीभ का अडली?" तेव्हापासून त्यांनी पेशंटशी अवघड शब्दांत बोलणे सोडले. हा गुण मी त्यांच्या जमेला मोठ्या अक्षरात मांडून ठेवला आहे. पुढे तो कामी येणार होता.

खाणीतली माणसे माझ्यावरून उठली की बैठकीवर पांढरी धूळ राहायची. वहिनी फडक्याने पुसायच्या. काही वर्षांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. धूळ तेवढीच होती, पण तीच माणसे आता बसली की हलकी लागत होती. डॉक्टरांच्याही ध्यानात आले होते. नळी पाठीला लावून ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ ऐकत बसायचे. सगळ्यांचा खोकला एकाच घरातला असावा तसा सारखा. दगड कोरडा फोडला की धूळ उडते, धूळ छातीत जाते आणि तिथेच मुक्काम करते. दगडावर पाणी मारत राहिले तर ती उडत नाही. उपाय इतका साधा होता. पण पाण्यासाठी पंप हवा, पंपासाठी मालकाची मर्जी हवी, आणि मर्जी होत नसेल तर सरकारचा नियम हवा.

डॉक्टर प्रांताच्या मोठ्या कचेरीत गेले. परत आले ते आपल्या खुर्चीत न बसता माझ्यावर बसले. सगळा भार टाकून.

"काय म्हणाले?" वहिनींनी खिडकीतून विचारले.

"बघू म्हणाले."

"मग?"

"मग काय? बघितलंच नाही. मान वर करून माझ्याकडंसुद्धा बघितलं नाही."

"त्यांच्याकडं फिरतं स्टूल नसेल," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर पुन्हा गेले, पुन्हा पुन्हा गेले. दर वेळी तोच शब्द घेऊन आले. आपलाच शब्द, पण आतून पोखरलेला. एक दिवस ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "त्या खुर्चीत एकदा तरी बघणारा माणूस बसायला हवा."

"म्हणजे कोण?" वहिनींनी विचारले. उत्तर त्यांना ठाऊक होते. पुड्या बांधणारे हात तेवढे थांबले.

डॉक्टर निवडणुकीला उभे राहिले. प्रचाराला भोंगा लागला नाही, सुरुंगमामा होते. "दगडावर पाणी!" ते चौकाचौकात गर्जायचे, आणि लोक म्हणायचे, आवाज कमी करा मामा, मत देतो. डॉक्टर निवडून आले. भले माणूस, स्वच्छ हात, बोलणे साधे. काही वर्षांत ते प्रांताचे प्रमुखच झाले. दवाखान्याला कुलूप लागले.

कुलूप लावायच्या दिवशी त्यांचे नवे खासगी चिटणीस आले. माणूस हुशार. इतका हुशार की हसायच्या आधी कोण कोण बघत आहे ते मोजायचा. त्याने मला पाहिले आणि त्याचे डोळे चमकले.

"साहेब, हे बरोबर घेऊ. कचेरीत ठेवू. भेटायला येणारा माणूस तुमच्या पेशंटच्या स्टुलावर बसतोय, काय फोटो येईल!"

"त्याला तेल लागतं," वहिनी म्हणाल्या.

"तिथं सगळं मिळतं, वहिनी."

असे मी राजधानीत आले. माझ्या एका पायावर पितळी पट्टी ठोकली गेली. तिच्यावर लिहिले होते की याच स्टुलावर बसून जनतेने आपली दुःखे सांगितली. आयुष्यात पहिल्यांदाच माझे कौतुक झाले, आणि त्याच दिवशी चिटणिसांनी मला फिरवून फिरवून अगदी तळाला नेले. "फोटोत साहेबांपेक्षा उंच कोणी दिसायला नको," ते शिपायाला म्हणाले.

त्यानंतर मला कोणी फिरवले नाही. पायाखाली मऊ गालिचा होता, समोर पोहता येईल एवढे टेबल होते, पण आट्यांत तेलाचा थेंब नाही. आधी मी कुरकुरले. मग गंज चढला आणि तेही थांबले. लेथवाल्याचा शब्द खरा झाला.

सुरुवातीला डॉक्टर पाण्याच्या नियमाबद्दल रोज विचारायचे. चिटणीस रोज समजावायचे. सरकार टिकले होते ते तिघा सभासदांच्या भरवशावर, आणि ते तिघे खाणमालकांच्या गाडीतून यायचे. "आत्ता नको, साहेब. आधी पाय रोवू. मग एका फटक्यात करू." डॉक्टरांनी ऐकले. मग पुढच्या अधिवेशनात करू, असे ठरले. मग त्याच्या पुढच्या. मग डॉक्टरांनी विचारणे कमी केले आणि एक दिवस मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला.

"बघू."

समोरच्या माणसाकडे न बघता. हातातल्या कागदाला उद्देशून.

मित्रांनो, कचेरीतल्या 'बघू'चाही मी जमाखर्च ठेवला. नुसते 'बघू' म्हणजे नंतर. 'बघू या' म्हणजे दुसऱ्या कोणाकडे जा. 'बघू ना' म्हणजे समोरच्या बाई आता रडतील, कोणीतरी पाणी आणा. आणि 'बघू, बघू' असे दोनदा आले की समजावे, दार लागले. माणसे माझ्यावर टेकायची, मान वर करून टेबलापलीकडे बघत बोलायची आणि हा शब्द घेऊन उठायची. जमेच्या बाजूला मांडावे असे काही दिवसेंदिवस सापडेना.

डॉक्टर वाईट झाले होते का? नाही. दमले होते. डोळ्यांखाली काळे आले होते, चहा निवून जायचा, सह्या करताना अंगठा चोळत बसायचे. वहिनींचा फोन आला तरी तेच.

"जेवायला घरी येताय?"

"बघू."

"बघू काय? मी काय शिष्टमंडळ आहे?"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा.

आणि मग एके दिवशी सुरुंगमामा आले.

मी त्यांना ओळखले नाही. वजनावरून तर मुळीच नाही. कोणी उपरणे टाकले असावे तसे ते माझ्यावर बसले. मग बोलले, तेव्हा ओळख पटली. आवाज अजून मोठाच होता, फक्त प्रत्येक वाक्याच्या मध्ये खोकला येऊन उभा राहत होता.

"डॉक्टर!"

"साहेब म्हणा," चिटणीस म्हणाले. मामांना ऐकू गेले नाही.

"डॉक्टर, माझी लेक खडी फोडायच्या मशीनवर लागली. दुसरं काम नाही गावात. मशीन कोरडंच चालतं. तिथं समोरचं माणूस दिसत नाही, एवढी धूळ." ते खोकले. "माझं झालं ते झालं. तिचं व्हायला नको. तेवढं पाण्याचं करा. तुम्ही बोलला होता."

डॉक्टर सह्या करत होते. त्यांनी सगळे ऐकले होते, हे मला ठाऊक आहे, कारण पेन थांबले होते. पण मान वर झाली नाही. ओठ मात्र सवयीने हलले.

"बघू."

मामांना आवाज ऐकू गेला नाही. त्यांनी ओठ वाचले. हे ओठ, हा शब्द आणि खाली हेच स्टूल. त्यांनी डोळे मिटले, मान वर केली आणि भली मोठी जीभ बाहेर काढली.

"आऽऽऽ"

एवढ्यावर थांबले नाहीत. शर्टाची बटणे सोडायला लागले.

"अहो, हे काय चालवलंय!" चिटणीस धावले. "तोंड मिटा आधी! कचेरी आहे ही!" दारात उभ्या असलेल्या कोणीतरी खी खी केले.

डॉक्टरांनी मान वर केली. जिभेकडे बघितले. जीभ तशीच बाहेर, डोळे मिटलेले, एखाद्या शहाण्या पोराने वाट बघत बसावे तसे मामा बसले होते. डॉक्टर खुर्चीतून उठले. ते भले मोठे टेबल ओलांडून इकडे यायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू! आले, आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या बैठकीला लागले. मला फिरवायला. मामांचे डोळे आपल्या डोळ्यांसमोर आणायला.

मी हलले नाही. मला हलायचे होते, मित्रांनो. पण आटे गंजून एकजीव झाले होते. डॉक्टरांनी जोर लावला, पुन्हा लावला. मग त्यांनी हात काढून घेतले आणि तळहाताला लागलेल्या लाल गंजाकडे बघत राहिले.

स्टूल वर येईना, तेव्हा प्रांताचे प्रमुख खाली बसले. गालिच्यावर, गुडघे टेकून. नळी नव्हती, ती कधीच कुठल्या तरी संग्रहालयाला दिली होती. त्यांनी मामांच्या उघड्या पाठीला थेट कान लावला.

"घ्या श्वास," ते म्हणाले आणि पाठीवर बोटाने थाप दिली. ती खूण मामांना पाठ होती.

दारातले हसणे बंद झाले. चिटणिसांनी दार लोटून घेतले, कारण असला फोटो त्यांना नको होता. डॉक्टरांचा कान बराच वेळ पाठीवरून हलला नाही.

"कसं आहे?" मामांनी विचारले.

डॉक्टर त्यांच्या समोर आले. ओठ नीट दिसतील असे म्हणाले, "चांगलं नाही, मामा."

"ते मला माहीत आहे. लेकीचं विचारतोय."

"लेकीचं करतो," डॉक्टर म्हणाले.

मामांनी बटणे लावली. जाताना त्यांनी माझ्या बैठकीवर हात थोपटला आणि म्हणाले, "तेव्हा तुझा खांद्यावर भार वाटला नव्हता गड्या." मग ते खोकत खोकत गेले.

दार लागल्यावर चिटणीस हळू आवाजात म्हणाले, "साहेब, नियम आणलात तर ते तिघे त्याच दिवशी निघून जातील."

"जाऊ दे."

"सरकार जाईल."

"अहो, मी बघू म्हटलं आणि त्यानं जीभ काढली," डॉक्टर म्हणाले. "या सगळ्या प्रांतात मला अजून डॉक्टर समजणारा तो एकच माणूस उरलाय. त्याला आता मी काय तोंड दाखवू?"

नियम आला. दगड ओला केल्याशिवाय फोडायचा नाही, मशीन कोरडे चालवायचे नाही. साध्या शब्दांत होता, सुरुंगमामांनाही कळेल असा. नियम मंजूर झाला आणि तिघे निघून गेले. तिघे गेले आणि सरकार गेले. वर्तमानपत्रांनी लिहिले की डॉक्टरांना राजकारणाची नाडी कळली नाही. वहिनींनी ते वाचले आणि त्याच पानात चपला गुंडाळल्या.

नव्या साहेबांना मी नको होते. माझी पितळी पट्टी कोणीतरी उचकटून नेली. मला अडगळीच्या खोलीत टाकले, मोडक्या पंख्यांच्या शेजारी. दिवा बदलायचा असला की शिपाई माझ्यावर चढायचा आणि बुटके म्हणून मला शिव्या घालायचा. तिथे मी किती काळ होते, कोण जाणे. अंधारात जमाखर्च मांडता येत नाही.

मग एकदा दारात ओळखीचा आवाज आला.

"आमचं स्टूल द्या."

"हे सरकारी आहे, बाई," शिपाई म्हणाला.

"सरकारी? त्याच्यावरचा तो तपकिरी डाग बघ. माझ्या हातनं आयोडीन सांडलं होतं. तुझ्या सरकारचा असा एक डाग दाखव, जो कोणी कबूल केलाय!"

शिपायाने मला वहिनींच्या हाती दिले.

त्यांनी आट्यांत रॉकेल सोडले, मला उन्हात उलटे ठेवले, दुसऱ्या दिवशी तेल घातले आणि पदर खोचून बैठक धरली. कुर्र! इतक्या वर्षांनी मला माझी कुरकुर ऐकू आली. ती ऐकून डॉक्टर ओसरीवरून म्हणाले, "झालं का गं?" वहिनी म्हणाल्या, "याचं झालं. तुमचं राहिलंय."

दवाखान्याचे कुलूप निघाले आणि मी परत टेबलाशेजारी आले. तिथे आता एक नवी डॉक्टरीण बसते. लांबून आली आहे, इथले कोणी तिच्या ओळखीचे नाही. आमचे डॉक्टर आता पेशंट बघत नाहीत, वयाने हात थरथरतात. पण काठी टेकत खाणीवर जातात. तिथे पाणी सुरू झाले, पंप बिघडला, दुरुस्त झाला, पुन्हा बिघडला. दर वेळी डॉक्टर पंपवाल्याच्या मागे लागतात. "बघतो," पंपवाला म्हणतो. "तू बघ, मी इथंच बसतो," डॉक्टर म्हणतात आणि खरेच दगडावर बसतात. सुरुंगमामा मात्र ते पाणी बघायला उरले नाहीत.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. डॉक्टरांना जेवण जात नव्हते, जिना चढताना धाप लागत होती. विचारले की म्हणायचे, बघू. शेवटी वहिनींनी त्यांना दंडाला धरून दवाखान्यात आणले. आपल्याच दवाखान्यात, आपल्याच बाकड्यावर, नंबर लावून. "प्रांताचे प्रमुख होते म्हणून आधी सोडा, असं काही म्हणायचं नाही," त्यांनी दम दिला.

"मी कुठं काय म्हटलं?"

"तोंडावर दिसतंय."

त्यांच्या आधी सुरुंगमामांच्या लेकीचा नंबर होता. ती थेट कामावरून आली होती. माझ्यावर बसली. नव्या डॉक्टरणीने मला फिरवले, दोघींचे डोळे एका रेषेत आले. ही रीत तिला कोणी शिकवली, मला ठाऊक नाही. कदाचित स्टूल फिरते म्हणून तिने फिरवले असेल.

"खोकला साधाच आहे, पण आई म्हणते तपासून घे," लेक म्हणाली. "बाबांचं तसं झालं म्हणून."

"बघू."

लेकीने जीभ काढली. मग पाठीला नळी लागली. बाकड्यावर डॉक्टर कान देऊन पुढे वाकले. 

"छाती स्वच्छ आहे," डॉक्टरीण म्हणाली. "साधी सर्दी आहे. वाफ घ्या."

लेक उठली. मी माझ्या बैठकीचा नेहमीसारखा अंदाज घेतला. पांढरी धूळ नव्हती. तिचा परकर मागून भिजलेला होता, तेवढीच ओल माझ्यावर उरली होती. वहिनी सवयीने फडके घेऊन पुढे आल्या, ओल बघितली, आणि न पुसताच मागे गेल्या.

"पुढचे या."

डॉक्टर आले आणि त्या ओल्या बैठकीवर बसले. सगळा भार टाकून. म्हणजे दुखणे खरे आहे, मी मनात मांडून घेतले.

"काय होतंय, आजोबा?"

"दमलोय," ते म्हणाले.

तिने मला फिरवले. मी जराशी कुरकुर केली आणि वर आले.

"बघू," ती म्हणाली.

आमच्या डॉक्टरांनी डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत माझ्यासारखे कोणी फिरते स्टूल असेल तर त्याच्या आट्यांत अधूनमधून तेल सोडा, आणि त्याला तळाला नेऊन तसेच ठेवू नका. गंज आवाज न करता चढतो. आणि उद्या तुम्ही कितीही मोठे झालात, कितीही दमलात, तरी कोणाला 'बघू' म्हणालात तर एकदा मान वर करून बघा. समोरचा कदाचित जीभ काढून, डोळे मिटून, वाट बघत बसला असेल.